करवंटीतल्या बिया

सकाळी अंगणात उभं राहिलं की वाऱ्याबरोबर एक गोडसर, किंचित आंबूस वास येतो. काजू पिकायला लागल्याची ही खूण. झाडाखाली पडलेले बोंडू, म्हणजे काजूची ती लाल-पिवळी रसाळ फळं, उन्हात तापतात, फुटतात, आंबतात, आणि संध्याकाळपर्यंत सगळी बाग त्या वासाने जड होते. बाहेरगावच्या पाहुण्यांना तो सोसत नाही. मला आवडतो, पण त्याच्यावर मी विसंबत नाही. ज्या वर्षी वास जास्त त्या वर्षी बी हलकी, असं मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिलेलं आहे.

आमच्या बागेच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, लागून पायवाट जाते. तिच्या कडेला जे मोठं झाड आहे, त्याच्या बुंध्याशी एक सपाट जांभा दगड आहे. आमच्याकडची रीत अशी, की वाटेने जाणाऱ्याला तहान लागली तर त्याने कुणाच्याही झाडाचा बोंडू खावा, कुणी हरकत घेणार नाही. पण त्याची बी पिळून काढून झाडाखालीच ठेवावी. फळ वाटसराचं, बी मालकाची. माझे आजोबा त्या दगडावरच्या बिया संध्याकाळी ओच्यात गोळा करून आणत आणि मोजत नसत. मी मोजतो. नुसत्या बिया नव्हे, आजूबाजूला थुंकलेले चोथेही मोजतो. चोथे सात आणि बिया पाच असतील, तर दोन बिया कुणाच्या तरी खिशात गेल्या, इतकं साधं गणित आहे. अर्थात वटवाघळांमुळे ते कधी नीट जुळत नाही. ती बोंडू इथला उचलतात आणि बी भलत्याच्या बागेत टाकतात. माझी पत्नी नीलिमा माहेरी गेली की सगळ्यांना सांगते, हे लोकांच्या थुंकीचो हिशेब ठेवतत. मी पूर्वी एका पतसंस्थेत हिशेबनीस होतो. ती नोकरी सुटली, सवय राहिली.

या वर्षीही दगडावर बिया दिसू लागल्या आणि मला तीन हंगामांपूर्वीचा उन्हाळा आठवला. कस्तुरीला घरी शिकवायचं की कणकवलीला ठेवायचं, हे त्या हंगामात ठरायचं होतं.

कस्तुरी आमची एकुलती एक मुलगी. गावातली शाळा चौथीपर्यंत. पुढची शाळा हायवेला, आणि मध्ये वळणावळणाचा रस्ता. तिला गाडी लागते. हे ऐकायला किरकोळ वाटतं, मलाही वाटायचं. पण पाचवीचं सबंध वर्ष आणि सहावीचा दिवाळीपर्यंतचा काळ ती रोज हातात लिंबू आणि प्लास्टिकची पिशवी धरून एसटीत बसली. शाळेत पोचायची ती पांढरीफटक होऊन. पहिले दोन तास बाकावर डोकं ठेवून काढायची, आणि दुपारपासून तिला परतीच्या गाडीची भीती वाटायला लागायची. मग शिकायची कधी? डॉक्टर म्हणाले, वय वाढेल तसं जाईल. कोणत्या वयात, ते त्यांनी सांगितलं नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती गेली नाही, आणि आम्ही तिला ढकललं नाही.

माझी मोठी बहीण शीलाताई कणकवलीला डेपोजवळ राहते. तिचं म्हणणं सरळ होतं. तिच्या घरात एक खोली रिकामी, शाळा चालत जाण्याजोगी, मग पोरीला जूनपासून तिथे पाठवा. म्हणणं चुकीचं नव्हतं. कस्तुरीला मात्र जायचं नव्हतं. ती रडली नाही, हट्टही केला नाही. एवढंच म्हणाली, "आत्येकडे रवान शिकायचाच आसा तर हयच शिकान दाखवतंय." बाहेरून परीक्षेला बसता येतं, याची चौकशी मी केली होती. अडचण दुसरीच होती. नीलिमा ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे. तिच्या पाळ्या असतात. मी बागेत, नाहीतर कुणाच्या तरी दुकानाचे हिशेब लिहायला. दिवसभर मुलीजवळ बसेल असं घरात कुणी नाही. तेव्हा तिला एकटीने, कुणी शेजारी न बसता पुढे नेता येईल असा अभ्यासक्रम मिळाला तर ती राहील, नाहीतर जूनमध्ये आत्याकडे जाईल, असं आम्ही तिघांनी मिळून ठरवलं. मे महिना ही मुदत.

झाडं मोहोरावर होती तेव्हा मी अभ्यासक्रम पाहायला बसलो. काजूचा मोहोर दिसायला काही विशेष नाही. बारीक, गुलाबीसर, धुरकट. आंब्यासारखा मिरवत नाही. पण त्या दिवसांत झाडाखाली उभं राहिलं की मधमाश्यांची अखंड घरघर ऐकू येते, आणि माझ्या डोक्यात त्या महिन्यात तशीच घरघर होती. मला तोवर कल्पना नव्हती, की मुलांना घरी शिकवण्याची इतकी तयार पाकिटं बाजारात आहेत. रंगीत खोक्यातली, मोबाइलवरची, महिन्याच्या वर्गणीची. आणि प्रत्येकावर तेच वाक्य, थोड्याफार फरकाने: तुमचं मूल स्वतःचं स्वतः शिकेल. सगळे एकच वाक्य बोलू लागले की मी सावध होतो. कर्ज मागायला येणारी माणसंही एकच वाक्य बोलत असत.

काजूचा व्यापारी गोणी विकत घेतो तेव्हा वरच्या बियांकडे बघत नाही. वर चांगल्याच असतात. कुणीही घातल्या असत्या. तो कोपरापर्यंत हात आत घालतो, मधल्या थरातून मूठभर बिया काढतो आणि सुरीने दोन तुकडे करून गर बघतो. मी तेच केलं. नमुन्याचा पहिला धडा सगळेच फुकट दाखवत होते. मी फोन करून सांगायचो, पहिला नको, सातव्या महिन्यातला पाठवा. मग तिकडची ताई विचारायची, "सर, सातव्याच महिन्यातला का?" मी म्हणायचो, "तोपर्यंत तुमचा उत्साह संपलेला असेल, म्हणून."

रंगीत खोकेवाल्यांनी अखेर तो पाठवला. कागद गुळगुळीत, चित्रं झकास. मी पेन्सिल घेऊन एकच गोष्ट मोजली. 'पालकांच्या मदतीने' हे शब्द किती वेळा येतात. पालकांच्या मदतीने कापा, पालकांच्या मदतीने मोजा, पालकांना विचारा, पालकांनी तपासावे. पानागणिक होते. झाकणावर मूल स्वतः शिकत होतं आणि आत पालक नोकरी सोडून बसले होते. शिवाय त्यात आठवडे आखून दिलेले. त्या आठवड्यांना शिमगा माहीत नव्हता. पालखी दारात येते त्या दिवशी कोणतं मूल अपूर्णांक सोडवतं ते मला बघायचं होतं.

दुसरा मोबाइलवरचा. आमच्याकडे नेटवर्क मिळतं ते फक्त बागेच्या वरच्या अंगाला, गडग्याच्या कोपऱ्यावर चढून उभं राहिलं तर. कस्तुरी दोन दिवस तिथे उन्हात बसली. धडा झाला की तो प्रश्न विचारायचा, आणि उत्तर चुकलं तरी हळूच इशारा देऊन बरोबर उत्तरापाशी न्यायचा. मग चांदणी, मग शाबासकी. तिसऱ्या दिवशी तिने मला बोलावलं, माझ्यासमोर डोळे घट्ट मिटले आणि बोटाने कुठेही दाबत गेली. तीन-चार झटक्यांत वाद्यं वाजली. डोळे न उघडताच ती म्हणाली, "बाबा, ह्या निजलेल्याकपण शाब्बास म्हणता."

तो मी बंद केला. पण तिने तो मला दाखवला याची नोंद मनात राहिली. दाखवलं नसतं तर वर्षभर चांदण्या गोळा करता आल्या असत्या.

तिसरा अभ्यासक्रम पोस्टाने आला, खाकी पाकिटात. निवृत्त शिक्षिका असलेल्या एक बाई आपल्या घरून तो चालवत. काळ्या-पांढऱ्या छपाईची, तारेने बांधलेली पुस्तकं. चित्रं जवळजवळ नाहीत. मजकूर मात्र थेट मुलाशी बोलणारा. हे वाच, हे कर, इथे थांब, जमलं नाही तर मागच्या अमुक पानावर जा. मी मधला धडा काढला, शेवटचा काढला. 'पालकांच्या मदतीने' एकदाही नव्हतं. वाचताना पहिल्यांदा माझी पेन्सिल खाली राहिली. मग मी पुस्तक उलटं केलं आणि शेवटची पानं पाहिली. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर होतं. नुसतं उत्तर नाही, सगळ्या पायऱ्यांसकट, सविस्तर.

म्हणजे बारा वर्षांचं मूल, एकटं, शेजारी कुणी नाही, आणि मागच्या पानांवर सगळी उत्तरं तयार. मी त्याच दुपारी गडग्यावर चढून बाईंना फोन लावला. उत्तरांची पानं वेगळी काढून माझ्याकडे ठेवली तर चालेल का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, "पानं काढलीत तर रोज तुम्हालाच तपासायला बसावं लागेल. मग माझी पुस्तकं घेण्यात अर्थ काय?" मी म्हटलं, अहो, ती बघून लिहील. "लिहील की," बाई म्हणाल्या. "काही दिवस लिहील." आणि त्यांच्या कुकरची शिट्टी झाली म्हणून त्यांनी फोन ठेवला.

काही दिवस म्हणजे किती, हे मला विचारायचं राहून गेलं. तरी तोच अभ्यासक्रम मागवला. तिघांत तोच गोणीच्या मधल्या थरात चांगला निघाला होता. पानं काढली नाहीत. पण शेवटच्या भागाला एक जाड दोरा बांधून ठेवला, गाठ माझ्या पद्धतीची. तो दोरा दुसऱ्याच दिवशी सुटलेला दिसला. कस्तुरीने तो नीट गुंडाळून माझ्या चष्म्याच्या घरात ठेवला होता.

मग हंगाम सुरू झाला. त्या हंगामाचे आवाज अजून कानात आहेत. वाळलेल्या पानांवर पिकला बोंडू पडतो तो थप्प असा ओला आवाज. आधी तुरळक, मग उन्हं वाढतात तसे चारही बाजूंनी. दूर कुठेतरी तांबट पक्ष्याची ठकठक. कामाला येणाऱ्या बायकांच्या टोपल्या घासल्याचा आवाज. बागेच्या मध्यावर आमचा मांगर आहे, म्हणजे अवजारं आणि गोण्या ठेवायची कौलारू खोली. जांभ्याच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन. बाहेर अंग भाजत असलं तरी आत गारवा. कस्तुरीने तिथे गोण्यांच्या थप्पीवर फळी टाकून टेबल केलं आणि सकाळी आमच्याबरोबर बागेत येऊन ती पुस्तकं घेऊन बसू लागली. मधून उठायची, झाडाखाली जायची, बोंडू पिळून बी काढायची, मीठ लावून दोन फोडी खायची, पुन्हा आत. बोंडवाच्या रसाचा डाग कपड्यावरून जात नाही. तिच्या सहावीच्या गणिताच्या पुस्तकात आजही तपकिरी बोटं उमटलेली आहेत.

अधूनमधून मी बाहेरून खिडकीशी जायचो. ती कधी लिहीत असायची, कधी पेन्सिल तोंडात धरून कौलांकडे बघत. एकदा पाहिलं तर शेवटची पानं उघडी होती.

महिनाभरात तिने जेवढं संपवलं ते पाहून नीलिमाला कौतुक वाटलं. मला वाटलं नाही. मी उत्तरं ताडून पाहिली होती. जवळजवळ सगळी बरोबर. पतसंस्थेत एखाद्या शाखेचा हिशेब पहिल्याच झटक्यात जुळला की आम्ही ती शाखा आधी तपासायला घ्यायचो. मी संध्याकाळी ओसरीवर तिला त्याच धड्यांतली गणितं आकडे बदलून घालू लागलो. बरीचशी सुटायची. एखाददुसरं अडायचं, आणि अडलं की ती गप्प बसून मान हलवायची, जणू कुठलं अडणार ते तिला आधीच ठाऊक होतं. पुस्तकात बरोबर आणि ओसरीवर चूक. याचा अर्थ मी काढला तो कुणीही काढला असता.

त्यात ती करवंटी. मांगराच्या खिडकीत, भिंतीच्या जाडीत, नारळाची अर्धी करवंटी ठेवलेली मला एक दिवस दिसली. तिच्यात काजूच्या बिया, मूठभर. दोन दिवसांनी पाहिलं तर जास्त. आमच्या भागातल्या वाचकाला पुढचं सांगायला नको. हंगामात इथली पोरं बिया खिशात घालतात आणि दुकानात देऊन गोळ्या, पेप्सी, फुगे घेतात. दुकानदार वजन न करता, अंदाजाने देतो. म्हणून मला चीड अशी आली नाही. पण उत्तरं बघून लिहायची आणि बसल्या जागेवरून बियाही जमवायच्या, या दोन गोष्टी एकाच खिडकीत दिसल्या, तेव्हा त्या वेगवेगळ्या धरणं मला कठीण गेलं.

पुढच्या आठवड्यात करवंटीतल्या बिया कमी झाल्या. शनिवारी ती साखर आणायला दुकानात गेली होती. माझ्या दृष्टीने हिशेब पुरा झाला. तरी खात्री करावी म्हणून मी दुकानात गेलो आणि काडेपेटी घेता घेता विषय काढला, की यंदा पोरं बिया बरीच आणतात वाटतं. दुकानदार म्हणाला, आणतात की, खालच्या वाडीतली. मग माझ्याकडे बघून कस्तुरीविषयी म्हणाला, "तुमचा चेडू नाय हाडीत. ता पैसे हाडता आणि सुटे दोनदा मोजून घेता."

यामुळे माझा संशय गेला असं वाटत असेल, तर माझी ओळख अजून नीट झालेली नाही. मी विचार करू लागलो, की मग बिया जातात कुठे?

नीलिमाला सांगितलं. ती रात्रपाळी करून आली होती, पायाखाली उशी घेऊन पडली होती. म्हणाली, मग विचारा की तिला. मी म्हटलं, विचारलं की माणूस सावध होतो. आकडेच काय ते बोलू देत. तिने डोळे न उघडता सांगितलं, "चेडू आसा ता. पतपेढी न्हय."

मी विचारलं नाहीच. त्या दिवसांतली ती शांतता मला आज आठवते तेव्हा सोसत नाही. जेवताना ती माझ्या ताटात भाकरी वाढायची, मी तिच्या बोटांकडे बघायचो. बरं, सगळं काही वाईट चाललं होतं असंही नाही. गाडीचा प्रश्न मिटल्यापासून तिच्या गालांवर रंग आला होता. ओल्या काजूगरांची उसळ झाली त्या दिवशी तिने गर सोलताना शंभर बियांमागे किती गर अख्खे निघतील याचा अंदाज बांधला आणि तो बरोबर आला. मांगरात बसून ती स्वतःशी मोठ्याने वाचायची. बायका हसायच्या, मग त्यांतली एक तिला आपल्या मजुरीचा हिशेब घालायला सांगू लागली. हे सगळं मी पाहत होतो. पण मे जवळ येत होता, आणि शीलाताईला मी काय सांगणार होतो? पोरगी एकटी शिकू शकते, असं छातीवर हात ठेवून सांगण्याइतकं माझ्याकडे काही नव्हतं.

शीलाताई मेच्या सुरुवातीला आली. शाळेचा प्रवेशअर्ज पर्समध्ये घेऊनच आली होती, पण तो काढण्याआधी तिने सरबत घेतलं, बाग बघितली, आमच्या कौलांवरची पानं काढायला झाली आहेत हे सांगितलं. मग मांगरात गोण्यांवर बसली आणि घाम पुसत म्हणाली, "घराक बसान पोरां शिकाक लागली तर शाळा कित्याक बांधल्यानी?" कस्तुरी फळीच्या टेबलाशी उभी होती. मी दारात. नीलिमा ताईला वारा घालायला सूप शोधत होती. ताईची नजर फिरत फिरत खिडकीवर गेली.

"कस्तू, ह्यो बियो कोणाच्यो गो?"

मी एक महिना जे विचारलं नव्हतं ते तिने घोटभर सरबताच्या अंतराने विचारून टाकलं.

कस्तुरी म्हणाली, "मी बघलेल्या उत्तरांच्यो."

कुणाला काही कळलं नाही. तेव्हा तिने, आम्ही सगळे जरा मंद आहोत हे समजून घेतल्यासारखं, सावकाश सांगितलं. "वाटेवरचो माणूस बोंडू खाता आणि बी दगडार ठेवता ना? तसाच. गणित अडला आणि पाठचा उत्तर बघलंय की एक बी ठेवतंय."

"मगे कमी कश्यो होतत?" हे मी विचारलं. माझा आवाज मलाच तपासणीसासारखा वाटला.

"तसला दुसरा गणित न बघता सुटला की बी परत गोणीत."

बाहेर बोंडू पडत होते. मी मनात ती सगळी मांडणी पुन्हा केली. सोमवारची मूठ, वाढलेली बुधवारी, उतरलेली शनिवारनंतर. ओसरीवर अडलेली गणितं आणि अडताना तिने हलवलेली मान. प्रत्येक आकडा जागेवर बसला. माझ्या आधीच्या मांडणीतही तो बसलाच होता, ही गोष्ट मला जास्त टोचली.

शीलाताई मात्र माझीच बहीण. ती करवंटीत बघत राहिली आणि म्हणाली, "आणि बी ठेवलंस नाय तर कोणाक कळतला?"

हा प्रश्न बरोबर होता. माझ्याही मनात तोच आला होता. चोरी न करणारा माणूस आणि न सापडलेला चोर यांच्या हिशेबात बाहेरून काहीच फरक दिसत नाही.

"कोणाकच नाय," कस्तुरी म्हणाली. तिने जरा विचार केला. "वाटेवरच्यांचा बाबांक कळता. चोथे मोजतत ते. माज्या उत्तरांक चोथो नाय."

नीलिमा सूप तोंडासमोर धरून हसली. शीलाताईही हसली, पण प्रवेशअर्ज तिने लगेच परत ठेवला नाही. तिने करवंटीतली एक बी उचलली आणि विचारलं, ही कोणत्या गणिताची? कस्तुरी म्हणाली, बी बघून ते सांगता येत नाही, पण आत आहेत तेवढी सांगते. आणि तिने सांगितली. शेकडेवारीची इतकी, मसाविचं एक, भूमितीतली ती कोनदुभाजकाची दोन. न अडखळता, पुस्तकाकडे न बघता. आपल्याला काय येत नाही याची इतकी स्वच्छ यादी मी माझ्या सबंध नोकरीत कुणाकडून ऐकली नव्हती. वरिष्ठांकडून तर नाहीच. सांगून झाल्यावर तिने आत्याच्या हातातली बी मागून घेतली आणि परत करवंटीत टाकली.

संध्याकाळच्या गाडीने ताई गेली. रिक्षात बसताना म्हणाली, "बघतंय मी वरीसभर. खोली रिकामीच ठेवतंय." अर्ज तिच्या पर्समध्येच होता.

तिने खरंच रिकामी ठेवली. एक वर्ष, मग दुसरं. प्रत्येक मेमध्ये ती यायची, मांगरात जायची, करवंटी बघायची आणि सरबत पिऊन निघायची. तिसऱ्या वर्षी तिने ती खोली कॉलेजच्या दोन मुलींना भाड्याने दिली आणि फोनवर मला नुसतं भाडं सांगितलं. आम्ही दोघं भावंडं एकमेकांशी बोलतो ते असं.

संशय गेला का? गेला नाही. मी अजूनही आकडे बदलून गणितं घालतो. बाईंच्या नव्या वर्षाची पुस्तकं आली की आधी मधला धडा काढतो. एका वर्षी विज्ञानाच्या पुस्तकात दोन पानं उलटी बांधली गेली होती, ती मीच शोधली. एकटीने पुढे जाता येईल असा अभ्यासक्रम कोणता, असं आता ओळखीपाळखीची माणसं मला फोन करून विचारतात. मी त्यांना सातव्या महिन्यातला धडा मागवायला सांगतो, 'पालकांच्या मदतीने' मोजायला सांगतो, डोळे मिटून शाबासकी मिळते का ते बघायला सांगतो. एवढं सगळं तपासता येतं. करवंटीचं मी कुणाला सांगत नाही. ती काही पुस्तकाबरोबर आली नव्हती, आणि सांगून कुणाच्या खिडकीत ठेवता येईल असं मला वाटत नाही.

कस्तुरी आता पुढच्या वर्षी बाहेरून दहावीला बसेल. उंच झाली आहे. गाडी अजून लागते. फळीचं टेबल तेच आहे, खाली गोण्या यंदाच्या. परवा दुपारी मी मांगरात पाणी प्यायला गेलो तर ती त्रिकोणमितीत अडली होती. एका झाडाची उंची सावलीवरून काढायची होती. तिने वही माझ्याकडे सरकवली. बघ तुका येता काय, म्हणाली. मी चष्मा लावला, पाच-सात मिनिटं झगडलो. कोन धरला, सोडला. माझ्या काळी हे होतं, पण फार मागे राहिलं. ती बाहेर तोंड करून बोंडवाची फोड खात होती. मी अंगठ्याने शेवटची पानं उलटली, फक्त पहिली पायरी पाहिली आणि पुस्तक मिटलं. मग वहीत लिहायला लागलो.

तिने मान वळवली नाही. करवंटी खिडकीतून उचलली आणि फळीवरून माझ्यापुढे सरकवली.

"बाबा, बी."

मी बाहेर गेलो, झाडाखालून एक बोंडू उचलला, पिळून बी काढली आणि आणून करवंटीत टाकली. तिने हूं केलं. मी पुन्हा टोपली घेऊन निघालो, आणि गडग्यापर्यंत गेल्यावर सवयीने मागे वळून पाहिलं. खिडकीत कस्तुरी करवंटीवर वाकली होती, आणि आतल्या बिया एकेक करून मोजत होती.